किचनचे पल्ले बदलावेत की सगळी कपाटेच नवी करावीत? ठाणे आणि नवी मुंबईतील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की ठाणे, कळवा, ऐरोली, नेरुळ या भागांत किचनच्या कामांची विचारपूस सुरू होते. प्रत्येकाला काम दिवाळीपूर्वी हवे असते आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: “नुसती शटर बदलून भागेल, की सगळेच तोडावे लागेल?” मोजमापासाठी घरोघरी जाताना ज्या प्रश्नांची उत्तरे मला पुन्हा पुन्हा द्यावी लागतात, ती येथे एकत्र लिहिली आहेत.

पल्ले बदलणे म्हणजे नेमके काय काय बदलणे?

किचनच्या प्रत्येक कपाटाचे दोन भाग असतात. एक म्हणजे खोका, ज्याला कारागीर बॉक्स किंवा कारकस म्हणतात. त्यात दोन बाजूंच्या फळ्या, तळ, आतले कप्पे आणि मागची पातळ फळी येते. दुसरा म्हणजे दर्शनी भाग: पल्ले, ड्रॉवरचे पुढचे तुकडे, रांगेच्या टोकाला उघडी दिसणारी बाजू आणि जमिनीलगतची स्कर्टिंगची पट्टी. खोका आहे तसा ठेवून हा दर्शनी भाग नवा करणे, त्याबरोबर बिजागऱ्या आणि मुठी बदलणे, याला हल्ली दुकानांत ‘रिफेसिंग’ म्हणतात. खोक्यासह सगळे काढून नवे बसवणे हा दुसरा मार्ग होय. जुन्याच पल्ल्यावर नवा सनमायका चिकटवण्याला काही जण हेच नाव देतात, परंतु ते काम वेगळे आहे आणि त्याचे धोकेही वेगळे आहेत. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

निर्णय कशावरून घ्यावा?

खोक्यावरून घ्यावा. पल्ल्याचा रंग उडाला आहे, कडेची पट्टी सुटली आहे, मूठ हलते आहे, या तक्रारी डोळ्यांना रोज दिसतात म्हणून मोठ्या वाटतात, पण त्या सगळ्या पल्ला बदलून संपणाऱ्या आहेत. पल्ल्याचे सगळे वजन बिजागरीच्या चार स्क्रूंमधून खोक्याच्या बाजूच्या फळीवर येते. ती फळी ओलीने भुसभुशीत झाली असेल, तर कितीही महाग पल्ला लावला तरी तो टिकणार नाही.

हे मी स्वतःच्या घरात शिकलो. कळव्याच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये वर्ष-दीड वर्षाच्या गळतीनंतर आम्ही नळ दुरुस्त करून घेतला, खोके वरवर पाहिले आणि चकचकीत ॲक्रिलिकचे पल्ले बसवून घेतले. पुढच्या जुलैत सिंकखालचा पल्ला एका सकाळी सौभाग्यवतींच्या हातात आला. बिजागरी शाबूत होती; तिच्या स्क्रूंना मात्र प्लायचा मूठभर भुसा चिकटून आला होता. कारागिराने कामाआधी “आतून बघून घ्या” असे एकदा म्हटले होते, आणि मीच घाईत “ठीक आहे” म्हणालो होतो.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी पाणी कोठून येते ते शोधून बंद करावे, मग खोका तपासावा आणि त्यानंतरच शोरूममध्ये रंगांची पुस्तके चाळायला जावे. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा होतो.

खोका घरच्या घरी कसा तपासावा?

कपाट पूर्ण रिकामे करावे. अर्धे रिकामे करून पाहण्याला काहीच अर्थ नाही, कारण बिघाड नेहमी त्याच जागी असतो जेथे वर्षानुवर्षे काही तरी ठेवलेले असते. कोपरीतील एका घरात सिंकखाली फिनाइलच्या बाटल्या होत्या, बाटल्यांखाली वर्तमानपत्र आणि त्याखाली फुलांची प्लास्टिकची चटई. चटई उचलली तेव्हा तळाच्या फळीवर तिची नक्षी उमटलेली होती आणि फळी मध्यभागी पापडासारखी फुगलेली होती. घरच्यांना अकरा वर्षांत तेथे कधी पाणी दिसले नव्हते, कारण पाणी चटईखालीच मुरत राहिले होते.

रिकाम्या कपाटात चांगला उजेड घेऊन सिंकच्या भोकाची कड खालून पाहावी, सांडपाण्याचा पाइप जेथे भिंतीत किंवा जमिनीत जातो ती जागा पाहावी, आणि बाजूच्या फळ्यांची जमिनीला टेकलेली दोन-तीन इंचांची कड पाहावी, कारण लादी पुसताना पाणी रोज तेथेच लागते. या जागी पेचकसाचे टोक बेताने दाबावे. चांगला प्लाय टोक आत घेत नाही. टोक सहज दोन-तीन मिलिमीटर आत गेले, किंवा काढताना ओल्या पुठ्ठ्यासारखे पदर सुटले, तर ती फळी गेली असे समजावे. पार्टिकल बोर्ड असेल तर पेचकसाचीही गरज पडत नाही. तो ओलीने फुगतो, त्याची कड वाफवलेल्या ढोकळ्यासारखी उचलली जाते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही.

त्यानंतर खोका गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही ते पाहावे. टेपने त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि मग उलट. दोन्ही मापे सारखी आली किंवा दोन-तीन मिलिमीटरचाच फरक असला तर बिजागरीच्या स्क्रूने पल्ला जुळवून घेता येतो. फरक अर्धा इंच असेल तर खोका झुकलेला आहे आणि त्यावर नवे सरळ पल्ले लावले की फटी अधिकच डोळ्यांत भरतील.

शेवटी मागची भिंत. मागची फळी साधारण ६ मिलिमीटरची असते आणि भिंतीतली ओल प्रथम तिच्यावर उतरते. तिच्यावर काळी बुरशी असेल, तर भिंतीच्या मोकळ्या भागावर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येत आहे, बहुधा पलीकडच्या न्हाणीघरातून किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ आहे. पहिल्या प्रकारात भिंत दुरुस्त होईपर्यंत दोन्हींपैकी कोणतेच काम हाती घेऊ नये.

फक्त सिंकखालचा एकच खोका खराब निघाला, तर सगळे बदलावे का?

नाही, आणि हा तिसरा मार्ग लोकांना फारसा कोणी सांगत नाही, कारण त्यात विकणाऱ्याला मोठे काम मिळत नाही. दहा फुटांच्या ओट्याखाली साधारणपणे चार ते पाच खोके असतात आणि त्यांतला सिंकचा खोकाच आधी खराब होतो. तेवढा एक खोका मरीन प्लायचा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचा, नवा करून घ्यावा आणि बाकीच्यांना नवे पल्ले लावावेत. माझ्या पाहण्यातल्या घरांपैकी बऱ्याच घरांना हाच मार्ग योग्य ठरला असता. नवा खोका करताना त्याचा तळ जमिनीपासून चार इंच उंच पायांवर घ्यावा, मागची फळी पाइपांच्या जागी उघडी ठेवावी आणि करवतीने कापलेली प्रत्येक कड, दिसो वा न दिसो, पट्टीने किंवा सीलरने बंद करून घ्यावी. पाणी प्लायच्या पृष्ठभागातून क्वचित आत शिरते. कापलेल्या कडेतून आणि पाइपासाठी पाडलेल्या भोकातून ते आत शिरते.

आमच्या जुन्या घरात कडप्प्याचा ओटा आहे. आम्हालाही हेच लागू होते का?

आपल्याला ते फार थोडे लागू होते. नौपाडा, चरई, वर्तकनगर येथील जुन्या इमारतींत, तसेच १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वाशी-नेरुळ भागात बांधलेल्या वसाहतींत, अजूनही अशी स्वयंपाकघरे आहेत जेथे ओट्याखाली लाकडी खोका मुळीच नाही. कडप्प्याचे उभे दगड, मध्ये कडप्प्याचाच कप्पा, वर ग्रॅनाइट किंवा कडप्पा, आणि पुढे लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर टांगलेले पल्ले अशी ती रचना असते. दगड कुजत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. सिंकमधून थेंब थेंब गळत राहिले तरी फार तर पांढरे क्षार जमतात. कडप्पा हा चुनखडीचा दगड असल्यामुळे त्यावर ॲसिड टाकून घासू नये, एवढेच पथ्य आहे.

अशा ओट्याचे मालक जेव्हा “सगळे तोडून मॉड्युलर करायचे आहे” असे म्हणतात, तेव्हा मी त्यांना दोनदा विचार करायला सांगतो. दगडाचा खोका फुकट हाताशी असताना तो फोडून त्या जागी लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड बसवणे हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही. उभ्या दगडांना नवी चौकट बसवून तिच्यावर पल्ले लावावेत आणि जेथे खण पुरेसा रुंद आहे तेथे स्टीलच्या ट्रॉल्या घ्याव्यात. अडचण दोनच बाबतींत येते. जुने दगड क्वचितच ओळंब्यात असतात, त्यामुळे प्रत्येक खणाचे माप वर, मध्ये आणि खाली असे तीनदा घ्यावे लागते आणि ट्रॉली सर्वांत लहान मापावर करावी लागते. दुसरे म्हणजे ओट्याची उंची बदलता येत नाही. उंच व्यक्तीला वाकून पोळ्या लाटाव्या लागत असतील आणि त्यामुळे पाठ धरत असेल, तर ओटा तोडण्याचे ते एक खरे कारण आहे. हाताच्या कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा असावा, हा ढोबळ हिशेब लावून पाहावा.

वाळवी लागली असेल तर पल्ले बदलून चालेल का?

चालणार नाही. प्रथम वाळवीच आहे याची खात्री करावी. भिंतीवरून किंवा फळीच्या मागून मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके आणि त्याखाली मैद्यासारखी पिवळसर पूड दिसली, तर तो लाकूड पोखरणारा भुंगा. तो बहुधा कच्च्या प्लायबरोबर घरात येतो आणि त्याच एका-दोन फळ्यांपुरता राहतो. भुंग्याची फळी काढून टाकली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. वाळवीचे तसे नाही. तिचे वारूळ जमिनीत असते आणि पाइपांच्या डक्टमधून, भिंतीच्या फटींतून ती चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंतही पोहोचते. कपाटे काढून टाकली, भिंतीला औषध भरले नाही आणि त्याच जागी नवी कपाटे लावली, तर तिला नवे खाद्य दिल्यासारखे होते. उभ्या इमारतीतील वाळवीच्या उपचारासाठी भारतीय मानक आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागात पद्धत दिली आहे. भिंत आणि लादीच्या सांध्यात ठरावीक अंतरावर भोके पाडून त्यांत औषध भरणे हा तिचा गाभा आहे. नुसती फवारणी करून जाणाऱ्याला हे विचारावे. उपचार कपाटे काढल्यानंतर आणि नवी लावण्यापूर्वी, भिंत उघडी असतानाच करून घ्यावा.

जुन्या पल्ल्यांवरच नवा सनमायका चिकटवला तर खर्च वाचेल का?

खर्च वाचेल, पण त्याने भागेलच असे नाही. जुन्या सनमायकाचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि तेलकट असतो; तो खरवडून खडबडीत केल्याशिवाय चिकट द्रव्य धरत नाही, आणि गॅसशेजारचे पल्ले तर वर्षानुवर्षांच्या फोडणीने इतके माखलेले असतात की तेथे नवा थर सहा महिन्यांत फुगतो. शिवाय बाहेरचा सनमायका साधारण १ मिलिमीटर जाडीचा असतो. तो पल्ल्यावर आणि नवी पट्टी दोन्ही कडांवर चढली की दोन पल्ल्यांमधली दोन-तीन मिलिमीटरची फट जवळजवळ बुजते आणि पल्ले एकमेकांना घासू लागतात. म्हणून कडा आधी रंध्याने उतरवून घ्याव्या लागतात.

एका बाजूला जाड सनमायका आणि दुसरी बाजू कोरी, असा पल्ला वाकतो, हेही लक्षात ठेवावे. आतल्या बाजूलाही पातळ सनमायका हवाच. नवा पल्ला करून घेताना काही कारागीर आतून फक्त रंग मारून देतात. कोटेशनमध्ये ‘दोन्ही बाजूंनी लॅमिनेट’ असे शब्द लिहून घ्यावेत.

आमचे खोके कशाचे आहेत हे कसे ओळखावे आणि त्याने काय फरक पडतो?

बिजागरीचा एक स्क्रू काढून भोकात डोकवावे, किंवा पाइपासाठी पाडलेल्या भोकाची कापलेली कड पाहावी. आडवेतिडवे पातळ पदर दिसले तर प्लायवूड, एकसारखा तपकिरी पुठ्ठ्यासारखा दाट भाग दिसला तर एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) किंवा त्याचाच हल्लीचा, अधिक दाट आणि ओल सोसणारा प्रकार एचडीएचएमआर, आणि लाकडाचे छोटे छोटे तुकडे दाबल्यासारखे दिसले तर पार्टिकल बोर्ड. घोडबंदर रोडवरच्या काय किंवा खारघर-उलवेच्या काय, नव्या संकुलांत विकासकाने दिलेली तयार किचन मी पाहिली आहेत, त्यांत पार्टिकल बोर्ड पुष्कळ आढळतो.

फरक पडतो तो स्क्रूच्या पकडीत. प्लायमधील सैल झालेले भोक लाकडी खुंटी आणि फेव्हिकॉल भरून पुन्हा वापरता येते, किंवा बिजागरी दोन इंच वर-खाली सरकवता येते. पार्टिकल बोर्डाचे भोक एकदा सैल झाले की त्याच जागी स्क्रू दुसऱ्यांदा नीट धरत नाही. त्यामुळे कोरडा, न फुगलेला पार्टिकल बोर्डाचा खोका असेल तर हलक्या पल्ल्यांसह तो आणखी काही वर्षे चालेल. त्यावर काचेचे किंवा जाड, जड पल्ले लावण्याच्या भानगडीत पडू नये.

नवे काम करून घेताना प्लायवर काय छापले आहे ते पाहावे. ‘एमआर’ (थोडीफार ओल सोसणारा) किंवा बाजारात ज्याला कमर्शियल म्हणतात तो प्लाय दिवाणखान्यासाठी ठीक आहे, ओट्याखाली नाही. तेथे निदान ‘बीडब्ल्यूआर’ (उकळत्या पाण्याला टिकणारा) हवा, आणि सिंकखाली आयएस ७१० क्रमांकाचा मरीन प्लाय. त्याचे नमुने ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासले जातात. आयएसआय चिन्हासोबतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून पाहता येतो. फळी कापण्यापूर्वी, शिक्का दिसत असतानाच फोटो काढून ठेवावा, कारण कापल्यावर आणि सनमायका चढल्यावर आत काय आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

बिजागऱ्या, चॅनेल आणि ट्रॉल्या जुन्याच ठेवाव्यात का?

बिजागऱ्या बदलाव्यात. पल्ल्यातील गोल खाच ३५ मिलिमीटरची असते आणि हे माप जवळपास सर्व बनावटींत सारखे असल्यामुळे नवी बिजागरी मिळण्यात अडचण येत नाही. मात्र पल्ला खोक्याच्या कडेला पूर्ण झाकतो, अर्धा झाकतो की आत बसतो, यावर बिजागरीचा प्रकार ठरतो. दोन पल्ले मधल्या एकाच फळीवर टेकत असतील तर दोन्ही अर्ध्या झाकणाऱ्या लागतात. ही एक चूक झाली तर सगळे पल्ले एकमेकांवर आदळतात आणि दोष पल्ल्यांच्या मापाला दिला जातो.

चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी, हाताने पूर्ण बाहेर ओढून, थोडा दाब देऊन पाहावे. ते खाली झुकत नसेल आणि खरखरत नसेल तर ठेवावे. ट्रॉल्यांच्या बाबतीत दुकानदार चुंबक लावून “बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४ आहे” असे दाखवतात. ही कसोटी फसवी आहे. २०२ प्रतीचे स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, २०२ मध्ये निकेल कमी असते, आणि खाडीकाठच्या दमट हवेत तो फरक सांध्यांच्या जोडांवर तांबूस डागांच्या रूपाने दिसू लागतो. प्रत बिलावर लिहून घेणे हाच खात्रीचा मार्ग.

खोके बदलायचे ठरले, तर ग्रॅनाइटची लादी न काढता ते होते का?

ग्रॅनाइट कशावर टेकले आहे, यावर ते अवलंबून आहे. दगडी आधारावर असेल तर खालचे लाकडी खोके सरकवून बाहेर काढता येतात. खोक्यांवरच टेकलेले असेल, तर सगळे खोके एका वेळी काढता येत नाहीत. टेकू देत एकेक बदलावा लागतो, किंवा लादी उचलावी लागते. लादी उचलताना ती सिंकच्या आणि शेगडीच्या भोकापाशी तडकण्याचा धोका असतो, कारण तेथे दगडाची जेमतेम दोन-तीन इंचांची पट्टी उरलेली असते. कारागीर “काही होत नाही” म्हणतील. तडकल्यास नवी लादी कोणाच्या खर्चाने येणार, हे आधी लिहून ठरवावे. एकसंध ग्रॅनाइट खोक्यांवर टेकलेले आणि खोके निम्म्याहून अधिक चांगले, असे चित्र असेल तर पल्ले बदलण्याकडेच झुकावे.

खर्चाचा अंदाज कसा घ्यावा?

दर महिन्यागणिक बदलतात, त्यामुळे आकडा देण्यापेक्षा मोजण्याची रीत सांगतो. समजा ओटा १० फूट लांब आहे आणि खालच्या पल्ल्यांची उंची २७ इंच म्हणजे सव्वादोन फूट आहे, ते २२.५ चौरस फूट झाले. वरची कपाटे ७ फूट लांब आणि २ फूट उंच असतील तर १४ चौरस फूट. एकूण ३६.५ चौरस फूट. प्लायची पूर्ण फळी ८ बाय ४ फुटांची, म्हणजे ३२ चौरस फुटांची असते, तेव्हा कापकूप धरून दोन फळ्या लागतील, आणि सनमायका दोन्ही बाजूंना लागणार असल्याने त्याचे पत्रे चार. हे गणित हाती असले की “पाच फळ्या लागतील” असे म्हणणाऱ्याला निदान का ते विचारता येते.

दोन कोटेशनांची तुलना करताना दर कशाचा आहे ते आधी पाहावे. कोणी पल्ल्याच्या चौरस फुटाने सांगतो, कोणी समोरून दिसणाऱ्या संपूर्ण भिंतीच्या चौरस फुटाने, कोणी ओट्याच्या धावत्या फुटाने. दिसायला कमी दर शेवटी जास्त भरतो. बिजागऱ्या, मुठी, कडेच्या पट्ट्या, उघड्या बाजू, स्कर्टिंग, जुने काढणे, राडारोडा नेणे आणि जीएसटी यांतले काय धरले आहे आणि काय सोडले आहे, याची ओळवार नोंद मागावी. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की, पल्ले बदलण्याचा संपूर्ण खर्च नव्या किचनच्या खर्चाच्या साठ टक्क्यांच्या पुढे जात असेल आणि खोके पंधरा वर्षांहून जुने असतील, तर नवेच करावे. खोके सात-आठ वर्षांचे आणि कोरडे असतील, तर हा प्रश्न विचारण्याचीही गरज नाही.

आमची इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. काय करावे?

कमीत कमी करावे. ठाण्यातील जुन्या वस्त्यांत समूह विकास योजना आणि वाशी-नेरुळच्या सिडकोच्या जुन्या इमारतींत पुनर्विकास यांमुळे हा प्रश्न आता जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या घरात निघतो. नुसती चर्चा चालू असेल तर ती दहा वर्षेही चालू राहू शकते, म्हणून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विकासकाची निवड झाली आहे का, करारनामा नोंदवला गेला आहे का, हे विचारावे. करार झाला असेल तर बिजागऱ्या आणि एखादा तुटका पल्ला याच्या पलीकडे जाऊ नये. नवी कपाटे नव्या घरात नेऊ, असे अनेक जण म्हणतात. नव्या घरातील ओट्याचे माप, पाइपांच्या जागा आणि खिडकी वेगळी असते, आणि खोके एकदा सोडवून पुन्हा जोडले की सैल पडतात. स्टीलच्या ट्रॉल्या मात्र नेता येतात.

पीव्हीसीचे पल्ले लावले तर ओलीची काळजीच मिटेल ना?

ओलीची आणि वाळवीची मिटेल, उष्णतेची सुरू होईल. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडू लागते, त्यामुळे शेगडीच्या लगत आणि ओव्हनच्या शेजारी ते पल्ले वाकतात. सिंकखाली पीव्हीसी आणि शेगडीखाली प्लाय किंवा ॲल्युमिनियम, अशी वाटणी करता येते. रंग जुळवून घेतला तर फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. पोकळ पीव्हीसीत स्क्रू कमी धरतो, म्हणून बिजागरीच्या जागी आत भरीव पट्टी आहे का ते पाहावे.

गॅसच्या जोडणीचे काय?

दोन्ही शहरांत महानगर गॅसची नळजोडणी अनेक घरांत आहे. तिची नळी, कॉक किंवा मीटर सुताराला हलवू देऊ नये. ते काम कंपनीकडे अर्ज करूनच होते, आणि त्याला लागणारे दिवस आपल्या वेळापत्रकात आधीच धरावेत. नवे पल्ले कॉकच्या आड येणार नाहीत आणि मीटर बंद कपाटात कोंडला जाणार नाही, एवढे पाहावे. नळाचा वायू हवेपेक्षा हलका असतो आणि वर जमतो. सिलिंडरमधला एलपीजी जड असतो आणि तळाशी साठतो. म्हणून सिलिंडर ओट्याखाली ठेवत असाल तर त्या पल्ल्याला तळालगत जाळी असलीच पाहिजे. जुन्या पल्ल्याला असलेली जाळी “दिसायला बरी नाही” म्हणून नव्या पल्ल्यात गाळलेली मी तीन घरांत पाहिली आहे.

सोसायटीची परवानगी लागते का?

नुसते पल्ले बदलायचे असतील तर बहुतेक सोसायट्या साधे पत्र आणि कारागिरांची ओळखपत्रे एवढ्यावर थांबतात. ओटा तोडणे, पाइप हलवणे किंवा लादी उखडणे असेल तर रीतसर परवानगी, ठोकाठोकीच्या वेळा, अनामत रक्कम आणि राडारोडा नेण्याची व्यवस्था हे सगळे येते. ओट्याच्या तोडफोडीत खालच्या मजल्यावर गळती सुरू झाली तर ती आपल्यालाच निस्तरावी लागते, म्हणून काम सुरू होण्यापूर्वी खालच्यांच्या छताचे फोटो त्यांच्याच समोर काढून घ्यावेत.

काम किती दिवस चालते आणि कोणत्या महिन्यात करावे?

मापे घेऊन पल्ले कारखान्यात तयार झाले की घरातले काम तीन ते पाच दिवसांत आटोपते आणि तेवढे दिवस शेगडी बहुधा चालू ठेवता येते. सगळे नवे करायचे असेल तर घरातले काम दहा-पंधरा दिवसांचे धरावे आणि चहापुरती एखादी इंडक्शन शेगडी बाल्कनीत मांडून ठेवावी.

तपासणी पावसाळ्यात करावी, काम पावसाळ्यानंतर. ऑगस्टमध्ये ओल कोठे उतरते ते दिसते, जे मार्चमध्ये कोणत्याही तज्ज्ञाला दिसणार नाही. परंतु त्याच महिन्यात कापलेला प्लाय ओल धरून असतो आणि चिकटवलेला सनमायका पुढे कोरड्या हवेत कडांना सुटतो. दिवाळीपूर्वीचा हट्ट सोडता आला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला, कारण हवा कोरडी असते आणि सणासाठी गावी गेलेले कारागीर परतलेले असतात.

घर भाड्याचे आहे. घरमालक पल्ले बदलून देत नाहीत. आम्ही स्वतः करावे का?

अकरा महिन्यांच्या करारावर राहत असाल तर पल्ल्यांना हात लावू नये. बिजागऱ्या घट्ट करून घ्याव्यात, सिंकखाली चटईऐवजी पसरट स्टीलचे ताट ठेवावे म्हणजे गळती त्याच दिवशी दिसेल, आणि फुगलेल्या फळीचे फोटो घर ताब्यात घेतानाच घरमालकांना पाठवून ठेवावेत, म्हणजे अनामत परत घेताना त्यावरून वाद होणार नाही.